‘मंडळी’ : एका शब्दाचा अभ्यास



गेल्या जुलै महिन्यांत आठव्या इयत्तेस ‘माझें गांव’ या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका विद्यार्थ्यानें त्यांत पुढील दोन वाक्यें लिहिलीं होतीं : ‘आमच्या गांवांत एक मंडळी आहे. तिचें छप्पर पावसाळ्यांत गळतें.’ मीं ‘मंडळी’ या शब्दाखालीं तांबड्या शाईची रेघ ओढली, समासांत ‘मंडळीस छप्पर नसतें, मंदिरास असतें’ असें लिहिलें आणि एक गुण कमी केला. वही हातीं पडल्यावर तो विद्यार्थी माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाला, “सर, आमच्या गांवांत सगळे असेंच बोलतात. मग मंडळी म्हणजे नक्की काय?” इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली. “पुढें केव्हां तरी सांगेन,” असें म्हणून मी दुसऱ्या वर्गाकडे वळलों.

तें राहिलेलें उत्तर या लेखांत देत आहें. जो प्रश्न एकजण विचारतो तो पुष्कळांच्या मनांत असतो. शिवाय आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, आणि एकत्र जमून देवाची आराधना करणाऱ्या लोकांस प्रत्येकाच्या घरीं कांहीं ना कांहीं नांव आहेच. तेव्हां हा अभ्यास सर्वांच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे. उत्तर शोधतां शोधतां मला माझीही एक चूक सांपडली. ती शेवटीं सांगेन.

शब्दाचें मूळ

‘मंडळी’ हा शब्द संस्कृत ‘मंडल’ या शब्दापासून आला आहे. मंडल म्हणजे वर्तुळ किंवा गोल. सूर्यमंडल, भूमंडल, नक्षत्रमंडल हे शब्द तुमच्या वाचनांत आहेत. पुढें राजाच्या सत्तेखालील प्रदेशासही मंडल म्हणूं लागले. त्यावरून सम्राटाच्या अंकित असलेला राजा तो ‘मांडलिक’ झाला. चोल राजांचा प्रदेश तो चोलमंडल. पूर्व किनाऱ्याच्या याच नांवाचा युरोपीय लोकांच्या तोंडीं ‘कोरोमंडल’ असा अपभ्रंश झाला. आजही आपल्या महसूल खात्यांत कांहीं गांवांचा मिळून एक गट करितात व त्यावरील अधिकाऱ्यास ‘मंडळ अधिकारी’ म्हणतात.

मराठींत ‘ल’ चा ‘ळ’ होऊन ‘मंडळ’ आणि ‘मंडळी’ असे दोन शब्द रूढ झाले. मंडळ नपुंसकलिंगी, मंडळी स्त्रीलिंगी. पहिल्याचा रोंख व्यवस्थेकडे आहे : मंत्रिमंडळ, शिक्षण मंडळ, छत्रपति शिवाजीमहाराजांचें अष्टप्रधान मंडळ. यांत जागा ठरलेल्या असतात. एक मनुष्य गेला तर त्याच जागीं दुसरा येतो आणि मंडळ चालूच राहतें. मंडळीचें तसें नाहीं. मंडळींत जागा नसून माणसें असतात. एखादा आला नाहीं तर ‘आज अमुक दिसत नाहींत’ असें कोणी तरी विचारतें. मंडळाची नोंद दप्तरांत होते, मंडळीची ओसरीवर होते, असें म्हटलें तरी चालेल.

माणसें सहज गप्पा मारावयास बसलीं कीं आपोआप गोलाकार बसतात, म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाचें तोंड दिसतें. रांगेंत पुढचा व मागचा असा भेद राहतो. वर्तुळाला पहिली जागा नसते आणि शेवटचीही नसते. मूळ शब्दांतील हा वर्तुळाचा अर्थ बोलणाऱ्याच्या ध्यानीं नसेल, परंतु शब्दाच्या उपयोगांत तो अद्याप जिवंत आहे.

व्यवहारांतील उपयोग

‘घरची मंडळी’ म्हणजे घरांतील सर्व लहानथोर माणसें. ‘वडील मंडळी’ म्हणजे ज्यांच्यापुढें आपण जपून बोलतों ते. लग्नांत ‘वऱ्हाडी मंडळी’ येतात, कीर्तनांत ‘श्रोतेमंडळी’ बसतात, पंढरीच्या वाटेनें ‘वारकरी मंडळी’ चालतात. वक्ता उभा राहिला कीं ‘मंडळी!’ अशी हांक मारितो. या हांकेंत श्रीमंत-गरीब, ओळखीचा-अनोळखी असा भेद उरत नाहीं; जो ऐकतो तो मंडळींतला.

जुन्या चालीचे गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करीत. पत्नीचें नांव चारचौघांत घेण्याची रीत नव्हती, म्हणून हा आडपडदा. ‘मंडळी माहेरीं गेली आहे’ हें वाक्य आज तुम्हांस गमतीचें वाटेल. परंतु जिच्यावांचून घर हें घर राहत नाहीं तिला एकटीला सर्व घराचें नांव मिळावें, यांत कांहीं सत्य खासच आहे.

नाटकाच्या धंद्यांतही हा शब्द मोठ्या मानानें वावरला. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, आणि त्यांची संस्था ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ म्हणून प्रसिद्धीस आली. १९१३ सालीं बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली. या मंडळ्यांतील नट, साथीदार, पडदेवाले, आचारी हे सर्व गांवोगांवच्या बिऱ्हाडांत एकत्र राहत व एकत्र जेवत. त्यांनाच लोक ‘नाटक कंपनी’ असेंही म्हणत. ‘कंपनी’ हा शब्द मुळांत लॅटिन आहे; त्यांतील ‘कॉम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकर. एक भाकर वांटून खातात ते सोबती, त्यांची ती कंपनी! व्यापाराच्या पेढीवर हें नांव वाचतांना हा अर्थ कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु मंडळी आणि कंपनी हे दोन शब्द शेवटीं एकाच पंगतीस येऊन बसतात हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

थोडें व्याकरण

आतां पुढील तीन वाक्यें वहींत उतरून घ्या व त्यांकडे नीट पाहा.

(१) मंडळी जेवावयास बसली आहे.
(२) आज जेवावयास दहा मंडळी आहेत.
(३) या तालुक्यांत चार मंडळ्या आहेत.

पहिल्या वाक्यांत मंडळी हें समूहवाचक नाम आहे. माणसें अनेक, परंतु क्रियापद एकवचनी. सैन्य, कळप, वर्ग यांसारखेंच तें येथें वागतें. दुसऱ्या वाक्यांत मात्र चमत्कार आहे. ‘दहा कळप’ म्हटलें तर दहा मेंढरें असा अर्थ होत नाहीं; ‘दहा वर्ग’ म्हणजे दहा विद्यार्थी नव्हेत. परंतु ‘दहा मंडळी’ म्हणजे सरळ दहा माणसें! समूहाचें जें नांव तेंच त्यांतील प्रत्येकाच्या वांट्यास आलें आहे. तिसऱ्या वाक्यांत अनेकवचनाचें वेगळें रूप आहे. येथें माणसें मोजलीं नसून संस्था मोजल्या आहेत. नाटक मंडळ्या अशाच मोजतात, आणि ख्रिस्ती मंडळ्याही.

म्हणजे एकाच शब्दाचे तीन उपयोग : एकदां सर्व मिळून एक, एकदां प्रत्येकजण वेगळा, आणि एकदां एका गटाशेजारीं दुसरा गट. या शब्दाचा पुढील सारा इतिहास या तीन वाक्यांत सांठविलेला आहे.

ग्रीक शब्द

ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्राचा नवा करार मूळ ग्रीक भाषेंत आहे. मराठी भाषांतरांत जेथें ‘मंडळी’ हा शब्द येतो तेथें मूळांत ‘एक्लेसिया’ असा शब्द आहे. ‘एक’ म्हणजे बाहेर व ‘कालेओ’ म्हणजे मी बोलावितों. बाहेर बोलावून जमविलेले लोक ती एक्लेसिया. हा शब्द प्रथम धर्माचा नव्हताच, राज्यकारभाराचा होता. अथेन्स नगरांत नागरिकांची सभा निक्स नांवाच्या टेकडीवर उघड्या आकाशाखालीं भरे, तिला एक्लेसिया म्हणत. कांहीं महत्त्वाच्या ठरावांस ६००० नागरिकांची उपस्थिति लागे. बाजारांत रेंगाळणाऱ्या लोकांस सभेकडे हांकण्याकरितां तांबड्या रंगांत भिजविलेला दोर ओढीत नेत, आणि ज्याच्या वस्त्रास डाग लागे त्याची सर्वांत शोभा होई. मात्र या सभेंत स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी यांस जागा नव्हती.

पुढें अलेक्झांड्रिया येथें यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांचें ग्रीक भाषांतर झालें, तेव्हां देवापुढें जमलेल्या इस्राएल लोकांकरितां जो ‘काहाल’ हा इब्री शब्द आहे त्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं हाच शब्द घालण्यांत आला. येशू ख्रिस्ताच्या शिष्यांनीं तो तेथून उचलला. परंतु शब्दाचा जुना अर्थही अगदींच सुटला नव्हता. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत इफिस नगरांतील सोनारांनीं माजविलेल्या दंग्याचें वर्णन आहे. नाट्यगृहांत लोटलेल्या त्या जमावांतील बहुतेकांस आपण कशासाठीं जमलों हेंही ठाऊक नव्हतें. त्या जमावासही ग्रीक मूळांत एक्लेसिया हाच शब्द आहे! यावरून एक बोध घेण्यासारखा आहे : माणसें नुसतीं एके जागीं आलीं म्हणजे शब्द मिळतो, परंतु त्याचा अर्थ मिळतोच असें नाहीं.

त्या काळच्या मंडळ्यांस इमारती नव्हत्या. पौल आपल्या पत्रांत प्रिस्किल्ला व अक्विला यांस, आणि त्यांच्या घरीं जमणाऱ्या मंडळीस, सलाम पाठवितो. हें नवराबायकोचें जोडपें तंबू करून पोट भरणारें होतें. फिलेमोनाच्या पत्रांतही घरांत जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. सीरियांत फरात नदीच्या कांठीं दुरा-युरोपस या नगराच्या उत्खननांत इ. स. २४० च्या सुमाराचें एक उपासनास्थान सांपडलें. ख्रिस्ती उपासनास्थानांपैकीं तें अत्यंत जुन्यांत गणलें जातें. तेंही मुळांत एक राहतें घर होतें. दोन खोल्यांमधील भिंत पाडून लोकांस बसावयास जागा केली होती. मंडळी वाढली म्हणून भिंत गेली.

आणि मंडळी कशानें मोडते तेंही पौलाच्या पत्रांतच वाचावयास मिळतें. करिंथ येथें लोक प्रभुभोजनासाठीं जमत. परंतु सुखवस्तु लोक आपापलें जेवण आधींच उरकीत, आणि मागून येणारे गरीब भुकेलेच राहत. पौलानें त्यांस फार कडक शब्दांत दोष दिला. छप्पर शाबूत होतें, प्रार्थना चालू होती. मोडली होती ती पंगत.

मनुष्यांकडून भिंतींकडे आणि भिंतींकडून मनुष्यांकडे

आतां ज्या चुकीबद्दल मीं गुण कमी केला ती चूक जगांत किती जुनी आहे तें पाहा. ग्रीक एक्लेसिया हा शब्द लॅटिन भाषेंत गेला. तेथून पोर्तुगीज भाषेंत त्याचें ‘इग्रेजा’ झालें. आणि गोव्यांत कोंकणी बोलणारे लोक ज्या इमारतीस ‘इगर्ज’ म्हणतात तो हाच शब्द होय. टेकडीवर उघड्या आकाशाखालीं जमणाऱ्या माणसांचें नांव घंटाघर असलेल्या पांढऱ्या इमारतीस मिळालें!

इंग्रजी ‘चर्च’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. त्याचें मूळ ‘क्युरिअकोन’, म्हणजे ‘प्रभूचें’ (घर), असें आहे. तो इमारतीपासून निघाला व माणसांपर्यंत पोंचला. म्हणून विल्यम टिंडेल यानें १५२६ सालीं नव्या कराराचें इंग्रजी भाषांतर छापून प्रसिद्ध केलें तेव्हां एक्लेसियाकरितां ‘चर्च’ न लिहितां ‘काँग्रिगेशन’ असा शब्द योजला. यावर सर टॉमस मोर यांनीं कडक आक्षेप घेतला. कारण उघड होतें : चर्च म्हटलें कीं अधिकारी, कायदे व परंपरा हीं डोळ्यांपुढें येत, काँग्रिगेशन म्हटलें कीं साधीं जमलेलीं माणसें. पुढें राजा जेम्स याच्या आज्ञेनें १६११ सालचें भाषांतर झालें, त्या वेळीं भाषांतरकारांस नियमच घालून दिला होता कीं, ‘चर्च’ हा जुना शब्द कायम ठेवावा, ‘काँग्रिगेशन’ करूं नये. एका शब्दावरून विद्वानांनीं व राजांनीं एवढा वाद घालावा, याचें तुम्हांस नवल वाटेल. परंतु आपण कोणत्या शब्दानें हांक मारितों त्यावर कोणाचा अधिकार मोठा हें पुष्कळदां ठरतें.

‘काँग्रिगेशन’ या शब्दांतही एक चित्र आहे. लॅटिन ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपांत एकत्र आणिलेले ते काँग्रिगेशन. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक आपल्या धर्मोपदेशकास ‘पाळक’ म्हणतात, तेंही याच चित्रांतलें. मात्र पाळक ज्यांचा सांभाळ करितो त्यांस आपण कळप न म्हणतां मंडळी म्हणतों, हें बरें आहे. मेंढरूं मेंढपाळास प्रश्न विचारीत नाहीं. मंडळींतला मनुष्य विचारूं शकतो.

मराठी भाषांतरें आणि मराठी मंडळ्या

सेरामपूर येथें विल्यम केरी व त्यांचे सहकारी पंडित यांच्या श्रमानें मराठी नवा करार १८११ सालीं प्रसिद्ध झाला. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले व त्यांनीं आपलें स्वतंत्र भाषांतर १८२६ सालीं छापलें. १८३१ सालीं त्यांचें काम अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) सुरू झालें. हे लोक बहुतेक अशा पंथाचे होते कीं, त्यांच्या मतें एका गांवीं जमणारे श्रद्धावंत हेंच आपल्या कारभाराचे धनी. पाळक निवडणें तेंही त्यांच्याच हातीं. अशा विचाराच्या लोकांस ‘मंडळी’ हा शब्द किती सोयीचा झाला असेल! तो कोणत्याही दरबाराचा किंवा दप्तराचा शब्द नव्हता, ओसरीवरचा होता. खेड्यांतील अशिक्षित बाईसही तो समजावून सांगावा लागला नाहीं.

रोजच्या मराठींतील ‘वडील मंडळी’ आणि ख्रिस्ती मराठींतील ‘मंडळीचे वडील’ हे दोन शब्दप्रयोग ताडून पाहा. शब्द तेच, क्रम उलटा. पहिले वयानें वडील. दुसरे लोकांनीं निवडून कारभारासाठीं नेमलेले. रोमन कॅथॉलिक पंथाच्या मराठी वाङ्मयांत मात्र जगभरच्या सर्व श्रद्धावंतांचा मिळून जो समाज त्यास ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, आणि वसईकडे एका देवळाभोंवतींच्या वस्तीस ‘धर्मग्राम’ म्हणतात.

तिसऱ्या वाक्यांतील ‘मंडळ्या’ हें अनेकवचन नव्या करारांतही आहे. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकांत आशिया प्रांतांतील सात मंडळ्यांस सात पत्रें आहेत. परंतु तेथील मंडळ्या गांव वेगळें म्हणून वेगळ्या आहेत. पुढें एकाच गांवांत दोन-दोन, तीन-तीन मंडळ्या झाल्या. कोणी या मिशनची, कोणी त्या मिशनची. मूळ वाद विलायतेंतले, आणि त्यांच्या भिंती आमच्या खेड्यांत! ही उणीव जाणून २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा संस्था एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. अनेकवचनाकडून एकवचनाकडे टाकलेलें तें एक पाऊल होतें.

कवि नारायण वामन टिळक यांस या वर्तुळाचा घेर आणखी मोठा हवा होता. १९१७ सालीं त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुभावानें एकत्र यावेत असा त्यांचा हेतु होता. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झालें आणि तो प्रयत्न अपुरा राहिला. परंतु मंडळीच्या कडेवर उभा असलेला मनुष्य आंत कीं बाहेर, हा त्यांचा प्रश्न अद्याप शिळा झालेला नाहीं.

शेजारचे शब्द

आपल्या शेजाऱ्यांचे शब्द पाहिले म्हणजे आपला शब्द अधिक कळतो. मुसलमान बांधव एकत्र जमणाऱ्यांस ‘जमात’ म्हणतात. शुक्रवारचा ‘जुम्मा’ आणि ‘जामा मशीद’ यांतील ‘जामा’ हे शब्दही ‘जमणें’ या अर्थाच्या त्याच अरबी धातूचे. ‘मशीद’ म्हणजे जेथें मस्तक टेकावयाचें ती जागा. जागेस एक शब्द व माणसांस दुसरा, असा भेद तेथें स्वच्छ राहिला आहे.

कोंकणांतील बेने इस्राएल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ असें नांव पडलें होतें. १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनास्थान झालें. त्यास ते मराठींत ‘मशीद’च म्हणत. पुण्यांतील यहुदी प्रार्थनास्थानास लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. शेजाऱ्याचा शब्द उसना घेण्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. ‘सिनेगॉग’ हा जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थही एकत्र जमणें असाच. तोही माणसांवरून इमारतीवर गेला. यहुदी लोकांच्या जुन्या नियमाप्रमाणें सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या दहांस ‘मिन्यान’ म्हणतात, आणि मिन्यान म्हणजे ‘मोजणी’.

बौद्ध धर्मांत बुद्ध व धम्म यांच्या जोडीस ‘संघ’ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दीक्षा घेतली, तेव्हांपासून हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पुन्हां ऐकूं येऊं लागला. भिक्षुसंघाचें कोणतेंही कार्य होण्यास निदान चार भिक्षु लागतात. शीख लोकांत ‘संगत’ व ‘पंगत’ हे दोन शब्द जोडीनेंच चालतात. नांदेडच्या गुरुद्वारांत संगतींत बसलेला कोणत्याही जातीचा मनुष्य लंगरांत एकाच पंगतीस बसतो. आणि येशू ख्रिस्तानें आपल्या नांवानें दोघे किंवा तिघे जमले तरी पुरेत असें सांगितलें आहे.

दहा, चार, दोन-तीन. आंकडे निराळे आहेत, परंतु प्रत्येक ठिकाणीं माणसें मोजलीं आहेत; भिंती कोणीं मोजलेल्या नाहींत.

आणखी एका मंडळीचें नांव येथें घेणें अवश्य आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईंत कांहीं सुशिक्षित हिंदु गृहस्थांनीं जातिभेद मोडण्याकरितां ‘परमहंस मंडळी’ काढली. ते गुप्तपणें जमत व जातीचा निर्बंध न मानतां एकत्र खात. सभासदांचीं नांवें बाहेर फुटतांच बहुतेक घाबरले व मंडळी विसकटली. मात्र तिच्यांतील कित्येकांचा उत्साह पुढें १८६७ सालच्या प्रार्थना समाजाच्या कामीं आला. बंद दाराआडचें वर्तुळ टिकलें नाहीं. दार उघडून बसलेलें टिकलें.

माझी चूक

आतां कबूल केलेली गोष्ट सांगतों. दिवाळीच्या सुट्टींत त्या विद्यार्थ्याच्या गांवावरून जाण्याचा प्रसंग आला. रविवार होता, म्हणून उपासनेस थांबावें असें ठरविलें. मंदिराशीं जाऊन पाहतों तों चार भिंती उभ्या आहेत आणि वर आकाश. छप्पर श्रावणांत एका रात्रीं खालीं आलें होतें. मुलानें जुलैंत लिहिलें होतें कीं तें गळतें. मीं शब्द सुधारला होता. छपराविषयीं एक अक्षर विचारलें नव्हतें. शिक्षकाच्या हातून असे प्रमाद होतात. वाक्यांतील चूक दिसते, आणि वाक्यांतील दुःख दिसत नाहीं.

शेजारच्या एका शेतकऱ्याची ओसरी होती. हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हेत. परंतु दर शनिवारीं रात्रीं ते कांद्याच्या गोण्या एका बाजूस सारून जागा मोकळी करून देत. तेथें बारा-पंधरा माणसें गोलाकार बसलीं होतीं. मला पाहून एक म्हातारी बाई म्हणाली, “या सर, बसा. मंडळी यायचीय अजून.” थोड्या वेळानें आणखी दोघे आले. दोन घरें ऊसतोडणीस बाहेरगांवीं गेलीं होतीं. प्रार्थनेच्या वेळीं त्यांतील प्रत्येकाचें, अगदीं तान्ह्या मुलाचें सुद्धां, नांव घेण्यांत आलें. घरमालक उंबऱ्याशीं टोपी हातांत घेऊन उभे होते. त्यांच्या आजारी बैलासाठींही प्रार्थना झाली. भोंवतालीं भिंती नव्हत्या, म्हणून वर्तुळ कोठें संपतें तें मला नीट सांगतां आलें नाहीं.

परत निघालों तेव्हां तो विद्यार्थी मोटारीच्या थांब्यापर्यंत पोंचवावयास आला. वाटेंत त्यानें विचारलें, “सर, निबंध पुन्हां लिहून काढूं का? काय लिहूं?”

मीं सांगितलें, “दुसरें वाक्य बदल. मंदिराचें छप्पर पडलें आहे, असें लिही. आणि तें कोणालाही कळेल अशा मोठ्या अक्षरांत लिही. पहिलें वाक्य मात्र जसेंच्या तसें ठेव. ‘आमच्या गांवांत एक मंडळी आहे.’ तें बरोबर होतें.”